मॉल छान आहे, फक्त गाडीतून उतरू नका

आधी स्टारचं सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. पाचपैकी दोन. आतली दुकानं, स्वच्छ टॉयलेट, वरचा फूड कोर्ट याला मी बिनधास्त चार दिले असते, पण मी रिव्ह्यू लिहितेय तो मॉलचा नाही, मॉलमधे शिरण्याचा आणि मॉलमधून बाहेर पडण्याचा. त्याबद्दल कुणी लिहितच नाही, सगळे पिझ्झाचे आणि पोरांच्या ट्रॅम्पोलीनचे फोटो टाकतात. नाव मुद्दाम लिहित नाहीये. पुण्याच्या कडेला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून, नवाकोरा, काचेचा, एवढं पुरे. आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी यातलं अर्धं तुम्ही जाता त्या मॉललाही लागू होईल.

मी बावीस वर्षं एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग, म्हणजे नकाशे काढायचं काम करतेय. पार्किंगचे लेआउट काढून काढून डोळे गेलेत माझे. त्यामुळे कुठेही गेलं की नवरा म्हणतो झालं, हिची टेप निघाली. टेप निघत नाही हो, पावलानं मोजते मी. माझी दोन पावलं म्हणजे साधारण दीड मीटर.

तर मी तिथे तीनदा गेले. एकदा गाडीनं, एकदा बसनं म्हणजे शेवटी पायी, आणि एकदा ॲक्टिव्हानं. तिन्ही वेळेला वाटलं की या बिल्डिंगमधे तीन वेगवेगळे मॉल आहेत आणि तुम्ही कशानं आलात त्यावर कुठल्यात शिरायला मिळणार ते ठरतं.

पहिल्या वेळेला आई बरोबर होती. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत, काठी आहे, चालते बरी पण पाय एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. तिला साड्या बघायच्या होत्या, लक्ष्मी रोडला चालवणार नाही म्हणून मीच म्हटलं चल गं मॉलला जाऊ, सगळं सपाट असतं, लिफ्ट असते. सपाट असतं! स्वतःच्या तोंडाचे शब्द अजून आठवतात.

मेन एंट्रन्सला उतरवावं म्हटलं तर तिथे गाडी थांबवू देत नाहीत. वॅलेला, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या त्यांच्या माणसाला, देणार असाल तर थांबा, दीडशे रुपये, नाहीतर पुढे व्हा. मागून हॉर्न सुरू. ड्रॉप ऑफ म्हणून पाटी आहे पण ती लेन वॅलेच्या गाड्यांनी भरलेली. मग गेलो खाली. बूम बॅरियर, आरसा गाडीखाली फिरवून झाला, डिकी उघडून झाली, तिकीट घेतलं, रॅम्प उतरला. बेसमेंट एक फुल, बेसमेंट दोन. इथपर्यंत खरंच चांगलं होतं, प्रत्येक जागेवर लाल हिरवा दिवा आहे, लांबूनच हिरवा दिसतो, उगाच गोल गोल फिरावं लागत नाही. ज्यानं कुणी ते बसवलं त्याला माझ्याकडून अर्धा स्टार.

आता हिरव्या दिव्याखालची ती जागा. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत मोठ्या गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरलेली आहे. अडीच मीटर रुंदी म्हणजे आजकालच्या एसयूव्हीला दोन्ही बाजूला मिळून जेमतेम सत्तर सेंटीमीटर उरतात. त्यात दोन कॉलमच्या, म्हणजे खांबांच्या, मधे तीन गाड्या बसवायच्या म्हणून कॉलमची जाडी कडेच्या दोन जागांमधून कापलेली. हे कागदावर आम्हीच करतो, मला माहितीये, क्लायंट म्हणतो अजून बारा गाड्या बसवा आणि मग प्रत्येक जागेतून पाच पाच सेंटीमीटर चोरले जातात. कागदावर गाडीचं दार नेहमी बंद असतं ना. आमच्या ड्रॉइंगमधे गाडी ठोकळा असते, तिला दारं नसतात, त्यातून कुणी म्हातारं माणूस आधी काठी बाहेर काढून मग पाय बाहेर काढत नाही.

मला मिळाली कॉलमशेजारची जागा. आईच्या बाजूचं दार वीतभर उघडेना. म्हणून आधी तिला ड्राइव्ह वे मधेच उतरवलं, म्हटलं तू इथे कडेला थांब मी गाडी आत घेते. आणि कडेला म्हणजे कुठे? कडा नाहीचे. दोन्ही बाजूला गाड्यांची नाकं, मधे ती सहा मीटरची लेन, खाली चकचकीत इपॉक्सी फरशी ज्यावर टायर कर्रर्र वाजतात आणि काठी सरकते. ती बिचारी दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे अंग चोरून उभी, तेवढ्यात त्यातल्याच एका गाडीचा रिव्हर्सचा दिवा लागला. मी गाडी तशीच तिरकी सोडून खाली उतरले आणि बोनेटवर हात आपटला. चालवणारा मुलगा चांगला होता, सॉरी काकू म्हणाला, त्याला दिसलंच नव्हतं, आणि दिसणार कसं, कॉलमच्या मागे.

तिथून लिफ्ट किती लांब ते मोजलं. एकशे चार पावलं. त्या एकशे चार पावलांत चालणाऱ्यासाठी एक पट्टा नाही, एक झेब्रा नाही, कुठे चाला सांगणारा एक बाण नाही. बाण आहेत, भरपूर आहेत, सगळे गाड्यांसाठी. एक्झिट कुठे हे दर दहा मीटरवर लिहिलंय आणि लिफ्ट कुठे हे फक्त लिफ्टवर लिहिलंय. तीसुद्धा एका जाड भिंतीच्या मागे, सी अकरा नंबरच्या खांबाला वळसा घातल्याशिवाय दिसत नाही. पाट्या सगळ्या इंग्रजीत. अहो हे पुणे आहे, इथे लोक गेटसमोर गाडी लावणाऱ्याची चार शब्दांत आयमाय काढणारी पाटी मराठीत लिहितात आणि तुम्हाला लिफ्टकडे एवढं मराठीत लिहिता येईना?

माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. गाडीनं आलेला माणूस गाडीचं दार लावलं की पायी चालणाराच असतो. मॉलला तो गाडीत असेपर्यंत कळतो, आणि लिफ्टचं दार उघडून वर परफ्यूमच्या दुकानासमोर उभा राहिला की परत कळतो. मधल्या एकशे चार पावलांत तो कुणीच नसतो.

अपंगांसाठीच्या जागा आहेत का? आहेत, दोन, आणि बरोब्बर जागी आहेत, लिफ्टच्या तोंडाशी. नियम असा की अशी जागा कमीत कमी ३.६ मीटर रुंद पाहिजे, म्हणजे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता येते, आणि दारापासून ३० मीटरच्या आत पाहिजे. रंगवलेल्या पण नीट आहेत, निळी व्हीलचेअरची खूण वगैरे. फक्त एकीवर लकी ड्रॉची नवीकोरी गाडी उभी होती, बॉनेटवर भली मोठी लाल रिबन बांधून, आणि दुसरीवर केशरी कोन. कोन कुणासाठी असं तिथल्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर म्हणे व्हीआयपी. मी म्हटलं दादा, आईच्या काठीकडे बघा, यापेक्षा व्हीआयपी कोण पाहिजे. त्यानं साहेबांना फोन लावायचा प्रयत्न केला, खाली रेंज नव्हती.

रेंजचं पुढे सांगतेच, ते तर वेगळं महाभारत आहे.

वर गेल्यावर सगळं सुंदर. दोन टोकांना दोन मोठी दुकानं, मधे लांब पॅसेज, म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे जाताना मधल्या सगळ्यांच्या काचा बघतच जावं लागतं. ही युक्ती जुनी आहे, अमेरिकेतल्या मॉलवाल्यांनी कधीच पाठ केलेली. एस्कलेटर असे की वर चढलात की पुढचा जिना पकडायला अख्खा मजला फिरायचा. म्हणजे आत माणूस पायी कसा चालेल, कुठे थांबेल, कुठे वळेल याचा एवढा बारीक अभ्यास करणारे लोक हेच आहेत बरं का. चालणाऱ्याचं त्यांना कळत नाही असं नाही. जिथे चालताना तो खरेदी करतो तिथलं नीट कळतं.

मॉलची गोष्ट निघालीच आहे तर सांगते, आमच्या सरांनी एकदा ऑफिसात दाखवलं होतं. १९५६ साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या शेजारी इडायना नावाच्या गावात साउथडेल म्हणून मॉल उघडला, पूर्ण बंदिस्त, एसीवाला, आजच्या सगळ्या मॉलांचा आजोबा. व्हिक्टर ग्रुएन नावाचा व्हिएन्नाहून गेलेला आर्किटेक्ट. पार्किंग पाच हजारांवर गाड्यांचं, सगळं उघड्यावर, बिल्डिंगच्या चारी बाजूंना. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की मॉल दोन मजली होता आणि लोक वर चढायचा कंटाळा करतात म्हणून त्यानं पार्किंगच्या जमिनीलाच उतार असा दिला की काही लोक गाडीतून उतरून सरळ खालच्या मजल्यात शिरतील आणि काही सरळ वरच्या. जिना नाही, लिफ्टची वाट बघणं नाही, आणि दुकानदारही खूश कारण कुठलाच मजला ओस पडत नाही. हे पार्किंगपासून विचार सुरू करणं झालं. नाहीतर आमच्याकडे आधी दुकानं काढतात, मग वरचे मल्टिप्लेक्सचे कॉलम खाली येतील तिथे येतील, आणि त्या कॉलमच्या जंगलात पोरं सोडतात आमच्यासारखी, बसवा गाड्या.

ग्रुएनला म्हणे मॉल म्हणजे त्याच्या व्हिएन्नासारखी चालायची जागा करायची होती, आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना, सगळं. झालं भलतंच, बिल्डरांनी फक्त दुकानं आणि डांबराचा समुद्र तेवढा उचलला आणि म्हातारपणी त्यानं स्वतःच हे मॉल माझे नव्हेत म्हणून हात झटकले. असो. साडी मिळाली आईला, छान मिळाली, गर्भरेशमी, डाळिंबी रंगाची.

परत निघताना ट्रॉलीचा किस्सा. सुपरमार्केट खालच्या ग्राउंडला, तिथली ट्रॉली बेसमेंट एकपर्यंतच नेता येते, दोनला नाही, कारण लिफ्ट लॉबीच्या दाराला तीन इंचाचा उंबरठा आहे. म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून केलाय, पण त्याला उतार द्यायला काय झालं होतं? दहा किलोचा आटा, तेलाचा डबा, आई आणि काठी. शेवटी एका सिक्युरिटीच्या ताईंनी पिशव्या उचलल्या, पूर्ण गाडीपर्यंत आल्या, चहाला पैसे देत होते तर घेतले नाहीत. दोनमधला एक स्टार पूर्ण त्यांचा आहे.

आणि आता रेंज. पैसे भरायचे ते बाहेर पडताना, रॅम्पच्या वरच्या टोकाला बूथ आहे तिथे. बूथला स्कॅनर. स्कॅन केलं की फोनवर चक्र फिरत राहतं कारण तिथे नेटवर्क एक दांडी. माझ्या पुढे सात गाड्या, प्रत्येकाचं चक्र फिरतंय, आणि आम्ही सगळे रॅम्पवर. गाड्यांच्या रॅम्पचा उतार एकास दहापेक्षा, म्हणजे दहा मीटर लांबीत एक मीटर चढापेक्षा, जास्त नको असं धरतात, इथे तो आहे की त्याहून कडक हे मला गाडीत बसून सांगता येणार नाही पण माझ्या क्लचच्या वासानं सांगितलं. पुढचा सॅन्ट्रोवाला दर वेळेला वीतभर मागे येत होता आणि मागचा माझ्या डिकीला नाक लावून. एक बारका मुलगा लोकांचे फोन घेऊन वर उन्हात पळत जायचा, पैसे गेले की परत खाली यायचा. आपला फोन अनोळखी माणसाच्या हातात, त्यात पेमेंटचं ॲप उघडं, आणि तो रॅम्पवरून पळतोय, बघा विचार करून. शेवटी मी सुट्टे काढले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं की सिनेमाच्या तिकीट खिडकीशेजारी आधी पैसे भरायचं मशीन आहे. तिसऱ्या मजल्यावर. खाली एक पाटी लावली असती तर काय बिघडलं असतं.

पैशाबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे ते सांगून टाकते. सगळे ओरडतात पार्किंग फुकट पाहिजे. गुजरात हायकोर्टानं २०१९ मधे म्हटलं मॉलनी पार्किंगचे पैसे घ्यायचे नाहीत, तेलंगणात २०१८ पासून पहिला अर्धा तास फुकट. लोक हे व्हॉट्सॲपवर फिरवतात आणि आपल्याकडे का नाही म्हणून भांडतात. मला विचाराल तर पैसे घ्या हो. जमिनीखाली दोन तीन मजले खणायचे, पाणी उपसायचं, चोवीस तास दिवे पंखे चालवायचे, हे फुकट कसं होईल, ते कुठूनतरी वसूल होणारच, दुकानाच्या भाड्यातून म्हणजे शेवटी माझ्या साडीच्या किमतीतून. अमेरिकेतले डोनाल्ड शूप म्हणून प्राध्यापक होते ते आयुष्यभर हेच सांगत राहिले की फुकट पार्किंग फुकट नसतं, जो गाडी आणत नाही तोसुद्धा त्याचे पैसे भरतो. पटतं मला. बसनं आलेल्या बाईनं माझ्या गाडीच्या जागेचे पैसे का भरावेत. पण पैसे घेतलेत ना, मग त्या पन्नास रुपयांत मला चालायला एक मीटरचा पट्टा रंगवून द्या.

आणि हवा. बेसमेंट दोनमधे दहा मिनिटं थांबलं की डोकं धरतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत बेसमेंट पार्किंगची हवा तासाला सहा वेळा बदलली पाहिजे असं आहे, आग लागली तर बारा वेळा. वर छताला मोठे पंखे दिसतात टांगलेले, तीनदा गेले, तिन्ही वेळेला मला त्यातला एकही फिरताना दिसला नाही. वीजबिल वाचवत असतील. बूथमधे बसणाऱ्या मुलांचं काय होत असेल, आठ आठ तास.

बसनं गेले ती वेळ सगळ्यात मजेशीर. मजेशीर म्हणजे संतापजनक. गाडी सर्व्हिसिंगला होती, मुलाचे शूज बदलायचे होते, म्हटलं बस जातेच आहे. स्टॉप मॉलच्या पुढे, तिथून मागे चालत यायचं. फुटपाथ आहे पेव्हर ब्लॉकचा, आणि तो मॉलच्या हद्दीशी येऊन संपतो. जिथे मॉल सुरू होतो बरोबर तिथे. कारण तिथून गाड्यांचे आत जायचे आणि बाहेर यायचे रॅम्प फुटपाथ कापून गेलेत. फुटपाथची कडा एकदम वीत दीड वीत खाली, मग रॅम्प, मग परत वर. रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांच्या गाइडलाइनमधे फुटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं लिहिलंय, आणि खरं तर गाडीच्या गेटपाशी फुटपाथ सलग ठेवून गाडीनं चढून उतरायला पाहिजे, माणसानं नाही. सगळीकडे उलटं करतात.

बरं, समोर भलंमोठं प्लाझा, कारंजं, पायऱ्या, नावाची दहा फुटी अक्षरं जिथे लोक सेल्फी काढतात. सर्व्हिस रोडवरून तिकडे जायला एक छोटं गेट आहे. कुलूप. वॉचमनकाकांना म्हटलं काका उघडा की.

ते म्हणाले, "पायी आलात का?"

म्हटलं हो.

"मग गाडीच्या गेटनं या."

मी दोन सेकंद त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनाही हसू आलं बहुतेक, म्हणाले वरून ऑर्डर आहे मॅडम, इकडून फेरीवाले आत येतात. तर पायी आलेली मी बूम बॅरियरच्या शेजारून, आरसेवाल्या पोरांच्या मधून, गाड्यांच्या रांगेतून, जनरेटरच्या मागे एक पत्र्याची केबिन आहे तिथे पर्स तपासून, मॉलमधे. बरोबर एक कॉलेजची मुलगी होती आणि मॉलमधल्याच दुकानात कामाला असलेली दोन पोरं. ती रोज असंच येतात म्हणाली. पावसाळ्यात तिथे तळं होतं.

हे ऐकून मला मुंबईचा क्रॉसरोड्स मॉल आठवला, हाजी अलीजवळचा, १९९९ मधे उघडला होता. सुरुवातीला तिथे गर्दी आवरेना म्हणून मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच आत असा प्रकार होता, तेव्हा मोबाईल म्हणजे श्रीमंती. टीका झाली आणि सोडून द्यावं लागलं. आता मोबाईल भाजीवालीकडे पण आहे, त्यामुळे दारावर तसं विचारत नाहीत. आता पायी आलात का विचारतात.

प्लाझाच्या पायऱ्या बघितल्या जाता जाता. सात आहेत. पायरी पंधरा सेंटीमीटर धरली तर एकशे पाच सेंटीमीटर उंची. व्हीलचेअरच्या रॅम्पला एकास बारा उतार लागतो म्हणजे साडेबारा मीटरच्या वर लांबी, मधे टेकायला सपाट जागा ती वेगळी. इथला रॅम्प पामच्या कुंड्यांमागे आहे, माझी सात पावलं, जेमतेम सव्वापाच मीटर. म्हणजे एकास पाच. व्हीलचेअर त्यावरून वर जाणार नाही, खाली मात्र फार जोरात जाईल. नकाशा मंजूर करताना कागदावर रॅम्प होता की नव्हता एवढंच बघितलं असणार, टिकमार्क.

ॲक्टिव्हानं गेले त्याचं थोडक्यात, कारण ते आठवलं की अजून नाकात वास येतो. दुचाकीची एंट्री मागच्या गल्लीतून. तीच मालाच्या टेम्पोंची, तीच कचऱ्याच्या गाडीची. पुणं म्हणजे दुचाक्यांचं गाव, चारचाकीपेक्षा दुचाक्या कितीतरी जास्त, आणि त्यांच्या वाट्याला मागचं दार. रॅम्पवर एसीचं पाणी ठिबकून शेवाळ धरलंय, समोरच्या पल्सरवाल्यानं पाय टेकला तो घसरलाच. नियमात एका दुचाकीला एक बाय दोन मीटर जागा असते, इथे एका मीटरमधे दोन, त्यामुळे बाहेर काढताना आधी दुसऱ्याच्या चार गाड्या हलवायच्या, कुणाच्या आरशाला काही झालं की भांडण. हेल्मेट ठेवायला काही नाही, ते हातात घेऊन साड्यांच्या दुकानात फिरायचं. आणि दुचाकीच्या मजल्यावर लिफ्टच थांबत नाही! बटण आहे, दाबलं की दिवा लागतो आणि विझतो. मग फायर एक्झिटचा जिना. तीन मजले चढून वर गेले तर दार आतून बंद, ठोठावल्यावर एका हाउसकीपिंगच्या बाईंनी उघडलं. फायर एक्झिटला आतून कडी. यावर विनोद करण्यासारखं काही नाहीये, मी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. महिना झाला.

कुणी म्हणेल एवढं असेल तर जाऊ नका ना. जाते मी दुसरीकडे, जातेच. गेल्या आठवड्यात तुळशीबागेत गेले होते. तिथे तर पार्किंगच्या नावानं बोंबच आहे असं सगळे म्हणतात. पण सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मंडईपर्यंत जाते, जमिनीखालून वर आलं की समोर मंडईची ती १८८६ ची दगडी बिल्डिंग, आणि गाडी आणायचीच असेल तर आर्यन नाहीतर मिनर्व्हाचं पार्किंग, लावा आणि चाला. धक्के खाल्ले, ऊन लागलं, कुणीतरी पायावर पाय दिला, पण कुणीही पायी आलात का विचारलं नाही. लक्ष्मी रोडला ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात ना, २०२१ ला पहिल्यांदा केला, तेव्हा आईचा गुडघा असा नव्हता, आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. एरवी तिथे आज रस्त्याच्या कुठल्या बाजूला गाडी लावायची, पी वन का पी टू, हे बघण्यात अर्धा जन्म गेला. त्या दिवशी आईनं मधेच थांबून मान वर करून दोन्ही बाजूच्या वाड्यांच्या गॅलऱ्या बघितल्या, म्हणाली चाळीस वर्षं येतेय, हे कधी दिसलंच नव्हतं.

मॉलवाल्यांसाठी एक हिशोब देऊन ठेवते, आमच्याकडे याच्या ड्रॉइंगला एक दुपार लागते. प्रत्येक लेनला एका कडेनं एक मीटरचा हिरवा पट्टा, लिफ्टपर्यंत. लेनच्या तोंडाला झेब्रा. कॉलमशेजारची जागा चारचाकीला देऊच नका, तिथे दोन दुचाक्या किंवा ट्रॉली ठेवायची जागा करा, दोन खांबांमधल्या प्रत्येक खणात दोन गाड्या कमी होतील, होऊ देत. उंबरठ्याला सिमेंटचा उतार, मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम. ती रिबनवाली गाडी उचला. समोरच्या छोट्या गेटाची किल्ली काकांकडे द्या. नवीन बिल्डिंग नको, नुसता रंग आणि किल्ली.

आणि त्या कॉलमना नुसते सी अकरा डी चौदा असे नंबर देऊ नका हो, लक्षात राहत नाहीत. साउथडेलमधे पार्किंगच्या भागांना प्राण्यांची नावं दिली होती म्हणे, कारण माणूस आकडा विसरतो पण गाडी उंटापाशी लावली की हरणापाशी ते विसरत नाही, बरोबर पोरं असतील तर नाहीच नाही. आपल्याकडे हत्ती मोर ससा कासव करा, पोरं स्वतः ओढत नेतील आईबापांना.

जायचंच असेल तुम्हाला, ऑफर चांगल्या असतात हे खरंय, तर मंगळवार बुधवारी सकाळी अकराला जा, बेसमेंट दोनला सी लेन धरा, बारा आणि तेरा नंबरच्या खांबांमधली मधली जागा पकडा, कडेची नको. वर गेल्या गेल्या सिनेमाच्या खिडकीशेजारच्या मशीनचं ठिकाण बघून ठेवा आणि निघायच्या आधी तिथेच पैसे भरा. बरोबर कुणी वयस्कर असेल तर वॅलेचे दीडशे द्या, जीव जळतो पण द्या.

गाडी कुठे लावलीय ते लक्षात ठेव असं आईला मी सांगायची गरज पडली नाही. साडीच्या दुकानात पर्समधून चष्मा काढताना एक कागद पडला, वाणसामानाची यादी होती, तूरडाळ, पोहे, हिंग, आणि मागे पेन्सिलनं तिच्या अक्षरात, खालचा दुसरा मजला, निळी भिंत, त्या मुलाच्या पांढऱ्या गाडीच्या पलीकडे. मी म्हटलं अगं तो मुलगा गाडी घेऊन केव्हाच गेला असेल.